वाचकांचे प्रश्न : फायनान्शियल एड थांबली, आता अपील कसं करायचं?

अमेरिकेतल्या कॉलेजांचे स्प्रिंगचे, म्हणजे जानेवारी ते मे या सेमिस्टरचे, निकाल लागले की या सदराकडे एका विशिष्ट प्रकारची पत्रं येऊ लागतात. बहुतेक आयांची असतात, रात्री उशिरा लिहिलेली. मी न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात २२ वर्षं काम केलं. शेवटची ९ वर्षं अपिलं वाचणाऱ्या समितीवर होते. त्यामुळे ही पत्रं मी बाजूला ठेवू शकत नाही. या वेळी तीन घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण त्यात बऱ्याच घरांची गोष्ट आहे.

प्रश्न : ताई, आम्ही एडिसनला राहतो. भावाने केलेल्या पिटिशनवर १० वर्षांपूर्वी ग्रीन कार्ड घेऊन इकडे आलो. मिस्टर ग्रोसरी स्टोअरमध्ये आहेत, मी डे-केअरमध्ये. मुलगा स्टेट कॉलेजला आहे, दुसरं वर्ष संपलं. केंद्राची पेल ग्रँट आणि राज्याची टॅग ही ग्रँट मिळते म्हणून शिकतोय, नाहीतर आम्हाला झेपलं नसतं. गेल्या आठवड्यात ईमेल आली की सॅप पूर्ण नाही, म्हणून एड सस्पेंड. जीपीए १.८१ आणि कसलेसे ६५ टक्के. ऑक्टोबरमध्ये सासूबाई साताऱ्याला वारल्या. मुलगा नऊ वर्षांचा होईपर्यंत त्यांच्याजवळच वाढला होता. तो आणि मिस्टर लगेच गेले. तो तीन आठवड्यांनी परत आला, पण मिस्टर जमिनीच्या वारसनोंदीसाठी जानेवारीअखेरपर्यंत तिकडेच अडकले, इकडे पगार बंद. तेव्हा मुलाने वेअरहाऊसची रात्रपाळी धरली, ती मेपर्यंत चालूच होती. फेब्रुवारीपासून खोलीतून फारसा बाहेर यायचा नाही. जेवायला हाक मारली की भूक नाही म्हणायचा. आम्हाला वाटलं अभ्यास करतोय. मिस्टरांनी कॉलेजला फोन केला तर त्यांनी काहीच सांगितलं नाही. मिस्टर म्हणतात, घरातलं बाहेर सांगायचं नाही, आजी गेली एवढं लिही आणि माफी माग. नात्यातला एक जण म्हणाला, पत्र एआयकडून लिहून घ्या. हे आपल्याकडच्या एटीकेटीसारखंच असतं का? १५ जुलैची मुदत आहे. नाही मिळाली तर शिक्षण बंद का? मार्कशीटचा फोटो सोबत पाठवते. — एक आई, एडिसन

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्यानेच तुमची झोप उडाली असणार. शिक्षण बंद झालेलं नाही. कॉलेजातून काढणं वेगळं आणि एड थांबवणं वेगळं. ती ईमेल कुठल्या ऑफिसकडून आली आहे ते खाली पाहा. फायनान्शियल एडकडून आली असेल तर मुलगा अजून त्या कॉलेजचा विद्यार्थी आहे, फक्त सरकारी पैसा थांबला आहे. डीन किंवा रजिस्ट्रारकडून वेगळं पत्र आलं असेल तर त्याचं अपील वेगळं करावं लागतं, वेगळ्या माणसांपुढे. एक केलं की दुसरं आपोआप झालं, असं समजून बसलेली मुलं मी पाहिली आहेत. तेव्हा आजच त्याला दोन्हीकडे विचारायला सांगा.

एटीकेटीचं म्हणाल तर नाही, तसं नाही. सांगलीला बीएस्सीला माझाही फिजिकल केमिस्ट्रीचा पेपर राहिला होता. ऑक्टोबरला पुन्हा दिला, सुटला, विषय संपला. इथे विषय संपत नाही. केंद्र सरकारची मदत घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची प्रगती कॉलेजला तीन बाजूंनी मोजावी लागते. पहिली बाजू जीपीएची, म्हणजे ग्रेडच्या सरासरीची (प्रत्येक क्रेडिटमागे ए चे ४ गुण, बी चे ३, सी चे २, नापास म्हणजे एफ चे ०), साधारण २.० म्हणजे सरासरी सी. दुसरी, घेतलेल्या क्रेडिट्सपैकी (प्रत्येक विषयाला ठरावीक क्रेडिट्स असतात) किती पूर्ण केली, हे बहुतेक ठिकाणी ६७ टक्के. तिसरी, पदवी जितक्या क्रेडिट्सची त्याच्या दीडपटीत ती संपली पाहिजे, म्हणजे १२० च्या पदवीला जास्तीत जास्त १८०. यालाच सॅप म्हणतात, सॅटिस्फॅक्टरी ॲकॅडमिक प्रोग्रेस. पहिली घसरण झाली की जी कॉलेजं दर सेमिस्टरला तपासतात ती एकदा वॉर्निंग देतात आणि तेवढं सेमिस्टर पैसे चालू ठेवतात. त्याला जानेवारीत अशी एक ईमेल आली असणार. तुम्हाला बोलला नसेल. त्यावरून आता रागावू नका.

मार्कशीटचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. आकडे मांडून पाहू. पहिल्या वर्षी त्याने ३० क्रेडिट्स घेतली, २७ पूर्ण केली, एक विषय मधेच सोडला. पूर्ण केलेल्या २७ वर ६३ गुण, म्हणजे २.३३. बरा चालला होता. फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबरच्या सेमिस्टरला, १५ घेतली, ६ क्रेडिट्सना सी मिळाला, ६ ना एफ, ३ सोडली. स्प्रिंगमध्ये पुन्हा १५, त्यात ६ ना सी, ३ ना एफ, आणि ६ सोडली. सोडलेल्या विषयापुढे डब्ल्यू लागतो आणि आपल्या मुलांना वाटतं की त्याने काही बिघडत नाही. जीपीएला धक्का लागत नाही हे खरं, पण 'घेतली' या रकान्यात तो विषय राहतो आणि 'पूर्ण केली' यात येत नाही. म्हणून ६० घेतली, ३९ पूर्ण केली, ६५ टक्के. दोन टक्क्यांनी चुकलं. जीपीएत ४८ क्रेडिट्सवर ८७ गुण, म्हणजे १.८१.

आता पुढचं सेमिस्टर पाहा. समजा त्याने १५ ऐवजी १२ च क्रेडिट्स घेतली, त्यात एफ मिळालेला एक तीन क्रेडिट्सचा विषय पुन्हा घेतला आणि त्यात बी मिळवला, बाकीच्या तीन विषयांत नुसते सी. तर ७२ पैकी ५१ पूर्ण होतील, ७१ टक्के. आणि बऱ्याच कॉलेजांत विषय पुन्हा घेतला की जुना एफ जीपीएतून निघतो. त्याच्या कॉलेजात तसं असेल तर ५७ क्रेडिट्सवर ११४ गुण, बरोबर २.०. एका सेमिस्टरमध्ये दोन्ही अटी पूर्ण. जुना एफ निघत नसेल तर त्याच १२ क्रेडिट्सना सरासरी २.७५ लागेल, ते जड आहे, आणि मग दोन सेमिस्टरची योजना मागावी लागेल. नापास झालेला विषय पुन्हा घ्यायला एड चालते, त्याची काळजी नको. हा हिशेब कागदावर काढून ॲकॅडमिक ॲडव्हायझरकडे घेऊन जायला सांगा. कुठल्याही माफीपेक्षा या कागदाचं वजन जास्त आहे.

आता पत्राकडे येते. समितीला कायद्याने दोनच गोष्टी पाहायच्या असतात. काय झालं, आणि आता काय बदललं की पुढच्या तपासणीत तो अटी पूर्ण करेल. 'काय झालं' यात नातेवाइकाचा मृत्यू, स्वतःचं आजारपण किंवा अपघात, किंवा तशीच वेगळी अडचण, असं नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे. आजी नातेवाइकातच येते. तिथे मुलाला संकोचायचं कारण नाही.

पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी फेब्रुवारीपाशी थांबले. आजी ऑक्टोबरमध्ये गेल्या. फॉल का बिघडला ते त्यातून कळतं. स्प्रिंग का बिघडला? नुसतं 'आजी गेली' लिहिलं तर समितीतला प्रत्येक जण हाच प्रश्न विचारेल, आणि पत्रात उत्तर नसलं की फाईल 'नामंजूर'च्या ढिगात जाते. मी अशा किती तरी फायली पाहिल्या आहेत, जिथे खरं कारण चांगलं भक्कम होतं आणि लाजेपायी लिहिलं नव्हतं. महिनाभराने आई ऑफिसात येऊन रडत सांगायची आणि तोपर्यंत मुदत गेलेली असायची. खरं कारण तुम्हीच लिहिलं आहे, ताई. वडील अडकले, घरात पगार एकच, एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने रात्रपाळी धरली. जिच्या कुशीत वाढला ती गेली आणि रडायला सवड मिळाली नाही. मग तो खोलीत बसून राहिला. हाक मारली की भूक नाही म्हणणारं पोर अभ्यास करत नव्हतं. हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. त्याच्याशी बोलताना अपिलाच्या आधी हे बोला, म्हणून लिहिते.

त्याला या आठवड्यात कॉलेजच्या काउन्सेलिंग सेंटरमध्ये जायला सांगा. उन्हाळ्यात तिथे कोणी नसेल तर तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे. हे आधी त्याच्यासाठी आणि मग अपिलासाठी. तिथून लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र मिळू शकतं की हा विद्यार्थी आमच्याकडे अमुक तारखेपासून येतो आहे. आजाराचं नाव त्यात असावंच लागतं असं नाही, आणि समिती ते मागत बसत नाही. तुमच्या मिस्टरांना एवढं सांगा की ही फाईल कायद्याने गोपनीय असते, ऑफिसातल्या माणसाला ती घरी जाऊन सांगता येत नाही. एडिसनच्या देवळात, गणपतीत, कोणाच्या कानावर हे जाणार नाही. मी स्वतः महाराष्ट्र मंडळात शेजारी बसून जेवलेल्या बाईच्या मुलाचं अपील वाचलं आहे. तिला आजही माहीत नाही.

त्याच कायद्यामुळे तुमच्या मिस्टरांना फोनवर उत्तर मिळालं नाही. फर्पा म्हणतात त्याला, १९७४ चा आहे. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींचा हक्क त्याचा स्वतःचा होतो, फी कोणी का भरेना. फोन घेणाऱ्यांनी उद्धटपणा केला नाही, त्यांच्या हातात नव्हतं. मुलाने ऑनलाइन संमतीचा फॉर्म भरला तर तुमच्याशी बोलतील. पण माझं मत विचाराल तर बोलू दे त्यालाच. तुम्ही शेजारी बसा, चहा ठेवा, फोन त्याच्या हातात द्या.

पत्रही त्यानेच लिहायचं, एका पानात. एआयकडून नको. यात नीतीचा प्रश्न आहेच, पण मी वाचणाऱ्याच्या बाजूने सांगते. आम्ही बुधवारी दुपारी बसायचो, टेबलावर तीस-चाळीस फायली. एआय नव्हतं तेव्हाही मुलं नमुन्याचं पत्र शोधून उतरवून काढायची. 'मी अत्यंत नम्रपणे' अशी सुरुवात, मग शिक्षणाचं महत्त्व, मग पुन्हा असं होणार नाही. अशी सहा पत्रं लागोपाठ वाचली की सातवं डोळ्यांसमोरून सरकून जातं. मग एक पत्र यायचं आणि हात थांबायचा. एक मुलगी आठवते. पहिल्या वर्गाला ती सतत उशिरा पोचायची, त्या विषयात नापास झाली, पाठोपाठ बाकीचं घसरलं. तिने तीन परिच्छेद लिहिले होते, स्पेलिंगच्या चुकांसकट, आणि मागे बसचं वेळापत्रक जोडलं होतं. तिची पहिली बस कॉलेजपाशी ८:२० ला पोचत होती आणि वर्ग ८ चा होता. वेळापत्रकातल्या त्या ओळीवर तिने पेनाने वर्तुळ काढलं होतं. खाली लिहिलं होतं, पुढच्या सेमिस्टरला माझा एकही वर्ग साडेनऊच्या आधी नाही, आणि नावनोंदणीचा कागद जोडला होता. दोन मिनिटांत मंजूर. काय झालं आणि काय बदललं, दोन्ही त्या वर्तुळात होतं.

तुमच्या मुलाने तसंच लिहावं. आजीजवळ किती वर्षं राहिला, एका वाक्यात. कुठल्या तारखेला गेला, कधी आला. तीन आठवडे का, हेही एक ओळ लिहायला सांगा. इथे नोकरीतून अशा वेळी जेमतेम तीनेक दिवसांची रजा मिळते, त्यामुळे वाचणाऱ्याला प्रश्न पडतो. आपल्याकडे तेराव्या दिवसापर्यंत घरच्यांना थांबावं लागतं आणि नातवानेही तिथे असायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितल्याशिवाय कळणार कसं? मग वडील अडकल्याचं, रात्रपाळीचं, आठवड्याला किती तास ते, आकड्यांत. मग फेब्रुवारी ते मे, त्याच्या स्वतःच्या शब्दांत, जितकं त्याला सांगवेल तितकं. शेवटचा आणि सगळ्यात मोठा भाग, आता काय बदललं : वडील परत आले आणि कामावर आहेत, रात्रपाळी सोडली किंवा शनिवार-रविवारवर आणली, काउन्सेलरकडे जातो, १२ क्रेडिट्स घेतो, त्यात हा विषय पुन्हा. रात्रपाळी अजून सुटली नसेल तर पत्राआधी ती सोडवा. तिच्यासकट हे गणित बसणार नाही, आणि घरखर्चाची जबाबदारी पुन्हा त्याच्या खांद्यावर टाकू नका.

सोबतचे कागद असे. सासूबाईंचा मृत्यूचा दाखला. नगरपालिकेचे दाखले आता बहुतेक मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असतात. तुमचा नुसता मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून खाली भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही आणि 'मला दोन्ही भाषा येतात, हे भाषांतर बरोबर आहे' असं विधान. मुलाने स्वतः करू नये, दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. विमानाची तिकिटं त्याच्या नावाची. वेअरहाऊसच्या पे-स्टब्ज म्हणजे पगाराच्या पावत्या, त्यावर तास छापलेले असतात. काउन्सेलरचं पत्र. ॲडव्हायझरच्या सहीची योजना. एवढं पुरे. आजीच्या अंत्ययात्रेचे फोटो जोडू नका. मी ते पाहिले आहेत आणि पाहताना आपण कोणाच्या तरी घरात न विचारता शिरलो असं वाटतं.

अपील मंजूर झालं तर एका सेमिस्टरपुरती प्रोबेशनवर एड मिळेल, आणि त्यानंतर अटी पूर्ण किंवा ठरलेली योजना पाळलेली दिसायला हवी. २०२५-२६ ला पेलची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती, तुमच्यासारख्या घराला ती सोडून चालणार नाही. टॅग राज्याची आहे, तिच्यासाठीही प्रगतीची अट असते, म्हणून हेच अपील तिलाही लागू होतं का ते त्याच फोनवर विचारायचं. निकाल येईपर्यंत फीचं बिल समोर असेल. ते भरलं नाही तर काही कॉलेजं वर्गातून नाव काढतात. फी घेणाऱ्या बर्सरच्या ऑफिसात हप्त्यांची सोय मागा आणि अपील चालू आहे हे सांगा.

आणि नामंजूर झालं तर? त्या निर्णयावर वॉशिंग्टनला अपील करता येत नाही, कॉलेजचा शब्द शेवटचा. पण नवा कागद हाती आला तर बरीच कॉलेजं पुन्हा विचार करतात, विचारून पाहावं. एक सेमिस्टर घरी बसलं की एड आपोआप परत मिळते, असं कोणी सांगेल. ते खरं नाही. टक्के आणि जीपीए जागच्या जागी राहतात. स्वखर्चाने दोन-तीन विषय घेऊन आकडे वर आणावे लागतात. तुमच्यावर ती वेळ आली तर मला लिहा, कम्युनिटी कॉलेजात ते स्वस्तात कसं बसवायचं ते आपण पाहू. पण आधी आपल्या कॉलेजला विचारल्याशिवाय बाहेर विषय घ्यायचा नाही.

प्रश्न : काकू, मी पुण्याचा, टेक्ससमध्ये मास्टर्सला आहे, एफ-वन व्हिसावर. पहिल्या सेमिस्टरला तीन विषय, दोन बी आणि एक सी. ३.० च्या खाली गेलो म्हणून ग्रॅज्युएट स्कूलने प्रोबेशनवर टाकलंय. पुढच्या सेमिस्टरला एक विषय कमी केला तर जमेल असं वाटतं. एज्युकेशन लोन आहे. घरी सांगितलेलं नाही. — २३ वर्षांचा विद्यार्थी

उत्तर : बाळा, विषय कमी करू नकोस. निदान इंटरनॅशनल ऑफिसातल्या तुझ्या डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची व्हिसाची नोंद पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, विचारल्याशिवाय तर अजिबात नाही. वरच्या पत्रातल्या मुलाला १५ चे १२ करता येतात, कारण १२ पर्यंत तो फुलटाइमच राहतो. तू फुलटाइमच्या खाली गेलास तर तुझा व्हिसाचा दर्जाच जातो. एखादा विषय सोडायची परवानगी मिळते, पण आधी, लेखी. अभ्यासाच्या अडचणीसाठी ती एका पदवीत एकदाच मिळते, आणि वाचन, भाषा, इथली शिकवण्याची पद्धत, चुकीच्या पातळीवरचा विषय, अशी ठरावीक कारणं लागतात. आजारपणासाठी डॉक्टरांच्या पत्रावर एकूण १२ महिन्यांपर्यंत. ती परवानगी तुला खरंच लागते आहे का, हे त्यांच्यासमोर बसून ठरव.

तुझा हिशेब अवघड नाही. ९ क्रेडिट्सवर २.६७. पुढच्या ९ ला ३.३३ मिळाले की एकूण ३.० होतो. म्हणजे एक ए आणि दोन बी. ए कुठल्या विषयात शक्य आहे तो आधी निवड आणि प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना पहिल्या आठवड्यापासून जा. परीक्षा तोंडावर आल्यावर गेलास तर फारसा उपयोग होत नाही.

पुढे समजा डिसमिसलचं पत्र आलंच, तर अपिलाची मुदत बहुधा थोड्या दिवसांची असते. त्याच दिवशी डीएसओकडे जायचं. परवानगी घेऊन माघार घेतली तर देश सोडायला १५ दिवस मिळतात. न सांगता दर्जा गमावला तर एकही दिवस मिळत नाही. दुसऱ्या विद्यापीठात जायचं असेल तर तुझी सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली) नोंद चालू असतानाच ती हलवणं सोपं.

आणि घरी सांग. लोनवर बहुतेक तुझ्या बाबांची सही असेल. रविवारी सकाळी, तिकडे संध्याकाळ असते, आईही फोनजवळ असेल. प्रोबेशन म्हणजे काढून टाकलेलं नाही, हे पहिल्या वाक्यात सांग, म्हणजे पुढचं त्यांना ऐकू येईल.

प्रश्न : मी मूळची नाशिकची, आता ४३ वर्षांची. १४ वर्षांपूर्वी इथल्या कम्युनिटी कॉलेजात चार विषय घेतले होते. त्याच सेमिस्टरला दुसरी मुलगी दिवसांच्या आधी झाली, मी कॉलेजला जाणं थांबवलं, रीतसर विषय सोडले नाहीत. एक बी, तीन एफ. आता नर्सिंगकडे वळायचं आहे. फॅफ्सा म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज भरला, पात्र आहे, पण कॉलेज म्हणतं सॅपमुळे एड नाही. इतकी जुनी गोष्ट कशी काय मोजतात?

उत्तर : मोजतात. तेव्हा तुम्ही एक डॉलरही एड घेतली नसेल तरी मोजतात. काही कॉलेजांत जुने ग्रेड पुसायची सोय असते, ती करून घ्याच, ॲडमिशनला उपयोगी पडेल. पण केंद्राच्या एडच्या हिशेबात ते पुसलेले ग्रेडही धरावे लागतात. म्हणून तुम्ही १२ पैकी ३ क्रेडिट्सवर आहात, २५ टक्के, जीपीए ०.७५.

तुमचं अपील माझ्यापुढे आलं असतं तर मला ते वाचायला आवडलं असतं. योजनेत १८ क्रेडिट्स मांडा, दोन-तीन सेमिस्टरमध्ये वाटून, घर आणि नोकरी सांभाळून झेपतील तेवढीच. सगळी पूर्ण केलीत तर ३० पैकी २१, ७० टक्के. सगळीकडे बी आला तर जीपीए २.१. ६० क्रेडिट्सच्या पदवीला ९० ची मर्यादा आहे, तिच्यापासून तुम्ही लांब आहात. ॲनाटॉमीसारखा जड विषय पहिल्याच सेमिस्टरला घेऊ नका.

काय बदललं, हे तुम्हाला शोधावं लागणार नाही. मुली मोठ्या झाल्या, १४ वर्षं संसार आणि नोकरी केलीत, ते साधेपणाने लिहा. काय झालं याचा पुरावा मात्र तुम्हाला वाटेल की आता कुठून आणायचा, हॉस्पिटलचे कागद कोण जपून ठेवतं. विचारून पाहा, मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर धाकटीचा जन्मदाखला काढा. त्यावरची तारीख त्या सेमिस्टरच्या मधोमध येते. त्याची प्रत जोडा आणि तारखेखाली पेनाने एक रेघ ओढा.